लाईट गेली की लाईन फुटते! उपशाचा पंप आणि पाईप जादा दाबापासून कसे वाचवायचे?

नदीकाठचा_ऊस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पंचगंगेवर आमच्या भावकीचा भागीदारीतला उपसा आहे. १५ एचपीचा मोनोब्लॉक पंप, १४० एमएमची पीव्हीसी लाईन, लांबी १८०० मीटरच्या आसपास. नदीकडचे पहिले ३०० मीटर १० किलोचे (म्हणजे चौरस सेंटीमीटरला १० किलो दाब सोसणारे) पाईप, पुढे सगळे ६ किलोचे. नदीपासून माळावरच्या शेवटच्या चेंबरपर्यंत चढ ३८ मीटर.

पंप चालू असताना ही लाईन कधीच फुटत नाही. फुटते ती लाईट गेल्यावर. गेजवर चालू दाब ५ किलोच्या थोडा वर दिसतो, म्हणजे पाईपाच्या आतच आहे. फुटतंय कुठं, तर मधल्या ओढ्यात. नदीकडं पहिले काही पाईप दमदार आहेत म्हणून तिथं फुटत नाही म्हणावं, तर ओढ्यात दाब उलट कमीच असला पाहिजे ना? फुटलेल्या जागी १० किलोचा पाईप घातला, तर आता त्याच्या पलीकडचा सॉकेट निसटला. गेल्या पाळीला एक बेंडच जागेवरून सरकला.

सल्ले भरपूर मिळालेत. फिटर म्हणतो एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारी झडप) काढून टाका, पाणी मागं जाऊ दे, दणका बसणार नाही. चुलतभाऊ म्हणतो सगळी लाईन १० किलोची करू. दुकानदार म्हणतो जुना माल हलका होता. उभ्या उसात खड्डा काढायचा, थ्री फेज मिळते आठ तास, त्यातली पाळी हुकली की पुढची कधी ते पाटकऱ्यालाही सांगता येत नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की पाच किलोच्या थोडं वर चालणारी लाईन सहा किलोचा पाईप का फोडते? कारण कळल्याशिवाय आता पैसे घालायचे नाहीत असं आम्ही ठरवलंय.

माळावरचा

दादा, आमची पण हीच कथा हाय. आम्ही सगळ्या लाईनीला १० किलोचा पाईप टाकला, तवापासून फुटायची थांबली. खर्च झाला पर झोप लागती. तुमच्या चुलतभावाचं ऐका.

जॅकवेल

पाणीपुरवठा आणि उपशाच्या कामांतच नोकरी गेली, त्यामुळे या धाग्याला सविस्तर उत्तर देतो. थोडं लांबेल.

आधी हिशेब. तुमच्या आकड्यांवरून लाईनीत सेकंदाला साधारण १३ लिटर पाणी जात असणार. १४० एमएमच्या ६ किलो पाईपाचा आतला व्यास १३० एमएमच्या जवळ, म्हणजे पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास १ मीटर. १८०० मीटर लाईनीत मिळून २४ हजार लिटर पाणी आहे. २४ टन. दोन ट्रॉल्या जोडून ऊस भरलेला ट्रॅक्टर कारखान्याला निघालाय असं समजा, साधारण तेवढं वजन चालतंय आणि तुम्ही त्याचं इंजिन एका क्षणात बंद केलंत.

गेजवरचे ५.१ किलो कुठून येतात तेही पाहा. ३८ मीटर चढ आणि १२-१३ मीटर घर्षण, एकूण ५१ मीटर. १० मीटर पाणी म्हणजे १ किलो. गणित जुळतं, म्हणजे पंप नीट चालतोय आणि लाईन चोंदलेली नाही.

आता लाईट जाते. बहुतेकांना वाटतं की दाब त्याच क्षणी वाढतो. तसं होत नाही. पंप ढकलायचा थांबतो, पण पुढचं पाणी चालत राहतं, म्हणून पंपाजवळ दाब आधी एकदम पडतो. हा पडलेला दाब लाटेसारखा लाईनीतून वर पळत जातो. लोखंडी पाईपात ही लाट सेकंदाला १००० ते १२०० मीटर पळते. पीव्हीसी लवचिक, त्यात तुमच्या पाईपाला ३२० मीटरच्या आसपास. दाब किती पडतो किंवा वाढतो त्याचं सूत्र सोपं आहे: लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगात झालेला बदल, भागिले ९.८१. उत्तर मीटरमध्ये. हे सूत्र झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात, १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर त्यांनी प्रयोग केले होते. तुमच्या लाईनीत वेग १ मीटरवरून शून्यावर येतो, म्हणून ३२० गुणिले १ भागिले ९.८१, म्हणजे ३३ मीटर. ३.३ किलो.

आता मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. ओढ्याच्या आधी लाईन एखाद्या टेकाडावरून जाते का? जात असेल तर ते पंपापासून किती लांब आणि किती उंच? आणि तिथे एअर व्हॉल्व्ह, म्हणजे लाईनीत हवा आत घेणारा आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, आहे का?

द्राक्षबाग_निफाड

जॅकवेल सर, मध्येच विचारते. आमच्याकडे बोअरची पाणबुडी आणि ड्रिप. लाईट जाण्याचा त्रास कमी, पण गडी एका प्लॉटचा व्हॉल्व्ह बंद करून मग दुसऱ्याचा उघडायला जातो. तेवढ्यात फिल्टरजवळचा पाईप सुटतो. हे पण असंच का?

नदीकाठचा_ऊस

सर, आहे टेकाड! पंपापासून ७०० मीटरवर. एका भागीदाराच्या पोराला लेव्हल मशीन चालवता येते, त्यानं मोजून दिलं: पंपापेक्षा २६ मीटर उंच. तिथनं लाईन ओढ्यात उतरते, ओढ्याचा तळ १२ मीटरवर, आणि मग माळाला चढते. टेकाडावर एअर व्हॉल्व्ह होता. पितळी होता, चोरीला गेला. दुसरा बसवला तो गळत होता म्हणून तिथं बूच मारून ठेवलंय.

जॅकवेल

तुमचं उत्तर त्या बुचाखाली आहे.

चालू लाईनीत टेकाडावर दाब किती? ५१ वजा २६ वजा तिथपर्यंतचं घर्षण ५. म्हणजे २० मीटर, २ किलो. लाईट गेली की ३३ मीटर पडणारी लाट तिथे पोहोचते. २० मधून ३३ जातील कुठून? दाब पोकळीपर्यंत खाली जातो आणि पाण्याचा सलग स्तंभ टेकाडावर तुटतो. नदीकडचं पाणी एकीकडे, माळाकडचं दुसरीकडे, मध्ये निर्वात जागा. माळाकडचं पाणी थांबतं, उलटं फिरतं आणि ती पोकळी बंद करत नदीकडच्या पाण्यावर येऊन आदळतं. हा आदळण्याचा फटका टेकाडावर जन्मतो आणि दोन्ही बाजूंना पळतो.

ओढ्यात पाणी स्थिर असताना दाब ३८ वजा १२, म्हणजे २६ मीटर. त्यावर आदळण्याचे ३० मीटर टाका, ६ किलोच्या घरात गेलात. चालू असताना तीच जागा फक्त सव्वातीन किलोवर असते. म्हणून तुम्हाला कोडं पडलं की इथेच का फुटते.

नवा ६ किलोचा पाईप ६.१ ला लगेच फुटत नाही, त्यात राखीव ताकद असते. पण रोज लाईट जाते, रोज खाली-वर, खाली-वर. पीव्हीसी अशा फटक्यांनी थकतो. चिकटवायचं सोल्युशन कमी लागलेला सॉकेट, दगडावर टेकलेला पाईप, बैलगाडीच्या वाटेखालचा तुकडा, जे कच्चं असेल ते आधी जातं. तुम्ही ते बदललंत की त्याच्यानंतरचं कच्चं. फुटण्याची जागा म्हणूनच सरकतेय.

माळावरचा भाऊ, तुमची लाईन फुटायची थांबली हे खरं असणार. पण जाड पाईप ताठ असतो, त्यात लाट जास्त जोरात पळते. याच लाईनीला १० किलोचा पाईप घातला तर ३३ चे ४० मीटर होतील. पाईप सोसेल, पण तोच दणका एनआरव्ही, पंपाचं केसिंग आणि बेंड यांच्यावर जाईल. लोखंडी घातला तर १ मीटर वेगाला १२० मीटर, म्हणजे १२ किलो. सरसकट जाड पाईप घालणं हा उपाय मी शेवटी ठेवीन.

माळावरचा

सर, पंपाची ग्लँड, म्हंजी शाफ्टाभोवतीचं पॅकिंग, सारखी गळती आमच्याकडं आन गेल्या वर्साला केसिंगला चीर गेली. त्याचा ह्याच्याशी संबंध हाय का?

जॅकवेल

एनआरव्ही आहे का तुमच्याकडे, की सक्शनच्या तळाचा नुसता फूट व्हॉल्व्ह?

माळावरचा

नुसता फुटबॉलच (फूट व्हॉल्व्हला आमी हेच म्हनतो). एनआरव्हीची गरज नाय म्हनले बसवताना.

जॅकवेल

मग संबंध आहे. एनआरव्ही नसेल तर वरून परतणारा सगळा दाब पंपातून जाऊन फूट व्हॉल्व्हवर थांबतो. म्हणजे केसिंग, ग्लँड आणि सक्शनचा पाईप हे सगळे फटका खातात. सक्शनचा पाईप आणि त्याचे जोड ओढीसाठी केलेले असतात, एवढा दाब सोसायला नाही. पंपाच्या डिलिव्हरीला, स्लूस व्हॉल्व्हच्या (चाक फिरवून उघडमीट करायच्या व्हॉल्व्हच्या) आधी, एनआरव्ही बसवा. फूट व्हॉल्व्हचं काम पंपात पाणी धरून ठेवणं एवढंच राहू दे.

याच कारणाने धागाकर्त्यांच्या फिटरचा एनआरव्ही काढण्याचा सल्ला मला मान्य नाही. पाणी पंपातून उलटं गेलं की पंप उलटा फिरतो. इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चक्र, आट्यांवर बसवलेला असेल तर सैल होतो. आणि तेवढ्यात लाईट आली तर मोटर एकीकडे ओढणार, पाणी दुसरीकडे. शाफ्ट तिथेच जातो. फिटरचं निरीक्षण मात्र बरोबर आहे की एनआरव्ही दणका देतो. साधा झडपेचा एनआरव्ही पाणी उलटं फिरून वेग धरल्यावर मग आपटतो. वाईटात वाईट धरलं तर ३८ अधिक ३३, म्हणजे ७ किलो. त्यावर इलाज एनआरव्ही काढणं हा नव्हे, लवकर मिटणारा लावणं हा. स्प्रिंगचा किंवा दोन पाकळ्यांचा एनआरव्ही पाणी उलटं फिरायच्या आतच मिटतो. मोठ्या उपशांवर लांब लाईनीत मध्येमध्ये झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह बसवतात तेही याच तत्त्वाने: पुढे जाणारं पाणी थांबायला आलं की बंद. लाईनीचे तुकडे पडतात आणि एका वेळी सगळं वजन मागे येत नाही.

निफाडच्या ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे, दुसऱ्या प्रतिसादात लिहितो.

जामनगरकर

मी तेलशुद्धीकरण कारखान्यात आहे, मूळचा साताऱ्याचा. आमच्याकडे या विषयावर आख्खं खातं काम करतं, पण तत्त्व शेतातल्या लाईनीला तेवढंच लागू आहे. धागाकर्त्यांनी रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा, विचार केलाय का? एनआरव्हीच्या पुढे, लाईनीच्या बाजूला, स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह. चालू दाबाच्या दहा-पंधरा टक्के वर लावायचा, तुमच्या बाबतीत ५.८ किलोच्या आसपास, आणि तोंड नदीकडे.

रिलीफ व्हॉल्व्हच्या खाली कधीही बंद होईल असा कॉक ठेवू नका. कारखान्यात दुरुस्तीसाठी ठेवावाच लागला तर तो उघडा ठेवून कुलूप घालतात, आणि किल्ली कोणाकडे आहे याची नोंद असते. कारण सगळीकडे एकच होतं: व्हॉल्व्ह थेंब थेंब गळायला लागतो, कोणीतरी खालचा कॉक बंद करतो, सगळे विसरतात. मग रिलीफ व्हॉल्व्ह दिसतो तिथे, पण असून नसल्यासारखा.

नदीकाठचा_ऊस

जामनगरकर भाऊ, नदीचं पाणी पावसाळ्यात गढूळ. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह गाळानं अडकणार नाही का?

जामनगरकर

अडकेल. म्हणून वरती हाताने उचलायचा दांडा असलेला घ्या. पंप चालू असताना महिन्यातून एकदा उचलायचा, पाणी भसकन बाहेर आलं पाहिजे आणि सोडल्यावर थांबलं पाहिजे. नाही आलं तर खोलून साफ. पुराआधी पंप काढता तेव्हा तोही काढून आणा. ज्या रिलीफ व्हॉल्व्हची कधी परीक्षा घेतली नाही, त्याच्यावर मी विसंबणार नाही.

जॅकवेल

सहमत. फक्त एक भर. रिलीफ व्हॉल्व्ह वाढलेला दाब सोडतो. टेकाडावरची पोकळी तो थांबवू शकत नाही, कारण तिथे आधी दाब पडतो. तिथे हवा आत घ्यायलाच हवी. धागाकर्त्यांच्या लाईनीत पहिला मान एअर व्हॉल्व्हचा, रिलीफ व्हॉल्व्ह नंतर.

आणि एअर व्हॉल्व्ह कोणताही चालणार नाही. हवा आत घ्यायला तोंड मोठं हवं, लाईनीच्या व्यासाच्या निदान आठव्या भागाइतकं. १४० एमएमला १ इंची पुरेल. पण हवा बाहेर सोडताना ती हळू सुटली पाहिजे. एकदम सुटली तर दोन्हीकडचं पाणी वेगाने धावत येतं, व्हॉल्व्हमधला तरंगता गोळा झटक्यात वर बसतो आणि आपण ज्याच्यापासून वाचत होतो तोच दणका व्हॉल्व्हच्या खालीच बसतो. दुकानात सांगा: आत घेताना मोठं तोंड, बाहेर सोडताना लहान. असे मिळतात.

चोरीचा प्रश्न खरा आहे. पितळी बॉडीऐवजी प्लास्टिकचा घ्या आणि वर काँक्रीटची रिंग व झाकण. झाकणाला भोकं ठेवा, नाहीतर हवा येणार कुठून?

नदीकाठचा_ऊस

सर, टेकाडाजवळ काही वेळा पाईप चपटा झालेला सापडला होता. आम्ही समजलो ट्रॅक्टरचं चाक गेलं.

जॅकवेल

चाकाचीही शक्यता आहे, पण पोकळीची जास्त. आत निर्वात झालं की बाहेरच्या हवेचा १ किलो दाब आणि वरची माती पाईपाला दाबतात. पातळ, कमी किलोच्या पाईपाला ते सहन होत नाही. एअर व्हॉल्व्ह बसल्यावर हेही थांबायला हवं.

आता निफाडच्या ताईंचं. तुमचा पंप ज्या दाबावर रोज चालतो तो एक, आणि सगळे व्हॉल्व्ह बंद असताना तो जो दाब तयार करतो तो दुसरा. पाणबुडीत एकावर एक टप्पे असतात, त्यामुळे हा दुसरा दाब बराच वर जातो. ९० मीटरवर चालणारा पंप बंद तोंडाला १२० मीटर किंवा त्याहून जास्त दाखवू शकतो. पाईप निवडताना लोक रोजचा दाब पाहतात आणि गडी दोन मिनिटांसाठी व्हॉल्व्ह बंद करतो तेव्हा लाईनीला दुसरा दाब दिसतो. पंपाच्या पत्रकावर आलेख असतो, त्यात शून्य डिस्चार्जला हेड किती ते बघा, त्यातून बोअरमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंतची खोली वजा करा. उरलेला दाब तुमच्या पाईप आणि फिल्टरला सोसला पाहिजे.

शिवाय बंद तोंडाला पंप चालला की सगळी ताकद उष्णता होते. पंपात ५ लिटर पाणी अडकलं असेल आणि २ किलोवॅट त्यात जात असतील तर दर मिनिटाला पाच-सहा अंशांनी तापतं. सील आणि बुश आधी जातात.

गड्याला एकच सवय लावा: आधी पुढचा प्लॉट उघडायचा, मग मागचा बंद करायचा, आणि बंद करताना चाक सावकाश फिरवायचं. बटरफ्लाय व्हॉल्व्हचा दांडा पाव फेरीत बंद होतो, तो हातानेच हळू घ्यावा लागतो. फिल्टरच्या आधी बायपास ठेवून जादा पाणी शेततळ्यात सोडता आलं तर उत्तम.

द्राक्षबाग_निफाड

मनापासून आभार सर. पत्रक शोधून काढलं, बंद तोंडाचा दाब आमच्या पाईपाच्या वर जातोय. बायपास करून घेते. आणि एचटीपीबद्दल (फवारणीच्या जादा दाबाच्या पंपाबद्दल) पण सांगाल का? फवारणीच्या वेळी नळी फुटून माणसाला लागल्याचं ऐकलंय, तेव्हापासून बागेत कोणी गन हातात घेतली की मला धास्ती वाटते.

जामनगरकर

ताई, एचटीपी पिस्टनचा पंप आहे, आणि इथे फार काळजी घ्या. तुमची पाणबुडी बंद तोंडाला एका दाबावर जाऊन थांबते. पिस्टनचा पंप थांबत नाही. गन बंद केली तरी प्रत्येक फेऱ्याला तो ठरलेलं पाणी ढकलणारच, आणि त्याला जायला वाट नसेल तर काहीतरी फुटेपर्यंत दाब वाढत राहील. म्हणून त्यावर रेग्युलेटर असतो, तो जादा पाणी परत टाकीत सोडतो.

त्या परतीच्या नळीला कॉक लावू नका, ती दुमडू देऊ नका, आणि रेग्युलेटरचं चाक गच्च आवळून दाब वाढवू नका. नळी पंपाच्या दाबाला मानणारी घ्या. जोडावर तारेने बांधलेली नळी मी बागेत चालू देणार नाही. आत औषध आहे, ते तोंडावर, डोळ्यांत उडतं.

सोसायटी_सचिव_पुणे

आमच्या इमारतीत खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढतं. पंप बंद झाला की पहिल्या मजल्यावरच्या घरांना भिंतीत धाडकन आवाज येतो. हाच प्रकार समजायचा ना?

जॅकवेल

हाच. लाईन लोखंडी असेल तर जास्त जोरात. एनआरव्ही स्प्रिंगचा करा, पाईपाच्या क्लॅम्पला रबर घाला. खालच्या मजल्यांना नळाला फार दाब येत असेल तर तो वेगळा विषय, तिथे उतरत्या पाईपावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो.

नदीकाठचा_ऊस

मंडळी, सगळ्या भागीदारांना बसवून हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. जे ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. टेकाडावर सर म्हणाले तसा एअर व्हॉल्व्ह. एनआरव्ही स्प्रिंगचा. रिलीफ व्हॉल्व्ह, खाली कॉक नाही. सगळी लाईन १० किलोची करायचा बेत रद्द.

दोन शंका उरल्यात. आमच्याकडं ऑटोस्विच आहे, लाईट आली की पंप आपोआप चालू होतो. आणि सरकलेल्या बेंडचं काय करायचं?

जॅकवेल

ऑटोस्विचवर मी स्वतःहून लिहिणारच होतो. लाईट जाऊन लगेच आली तर लाईनीतलं पाणी अजून पुढे-मागे होत असतं. तुमच्या लाईनीत लाट एकदा वर जाऊन परत यायला ३६०० भागिले ३२०, म्हणजे ११ सेकंद लागतात, आणि अशा अनेक फेऱ्या झाल्यावर पाणी शांत होतं. त्या मध्येच पंप सुरू झाला की फटक्यावर फटका. दुसरं, एअर व्हॉल्व्हने आत घेतलेली हवा टेकाडावर आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पंप सुरू केला की पाणी त्या हवेला जोरात रेटतं.

महावितरण ऑटोस्विच काढायला आणि कॅपॅसिटर बसवायला सांगतं ते रोहित्रासाठी, कारण लाईट येताच फीडरवरचे सगळे पंप एकदम उठतात. माझं कारण पाईपाचं आहे, पण सल्ला तोच. रात्री माणूस जाऊ शकत नाही, नदीकाठी साप-विंचू आहेत, मगरी आहेत, हे मला कळतं. तेव्हा निदान टायमर लावा. लाईट आल्यावर तीन-चार मिनिटांनी पंप सुरू होईल असा. आणि रिकाम्या लाईनीवर पहिल्यांदा पंप सुरू करताना स्लूस व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून, माळावर पाणी आल्यावर हळूहळू पूर्ण उघडायचा. बंद करतानाही आधी व्हॉल्व्ह सावकाश आवळायचा, मग स्टार्टर. ११ सेकंदांच्या आत व्हॉल्व्ह मिटवला तर तो एकदम मिटवल्यासारखाच होतो, म्हणून अर्धा मिनिट तरी घ्या.

बेंडचं गणित ऐका. १४० एमएमचं क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटीमीटर. ७ किलो दाबाला १०७८ किलोचा जोर. काटकोनाच्या बेंडवर तो १.४ पट होतो, म्हणजे बेंडला बाहेर ढकलणारा जोर दीड टन. हा जोर सोल्युशनने धरायचा नसतो. बेंडच्या बाहेरच्या अंगाला, न उकरलेल्या घट्ट मातीला टेकवून काँक्रीटचा ठोकळा घाला. जोड काँक्रीटमध्ये गाडू नका, नाहीतर पुढे गळती झाली तर फोडावं लागेल. ओढ्यात पाईप उघडा असेल तर तोही झाका. पाईपाचे किलो २७ अंश तापमानाला दिलेले असतात. उन्हात पीव्हीसी मऊ पडतो, वर्षानुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ होतो. तीन फूट मातीखाली तो सुखी असतो.

माळावरचा

सर, हवेचा डबा काय कामाचा? आमच्या गावात एकानं पंपाजवळ उभा पाईप ठोकून वरनं बंद केलाय. म्हनतो दणका त्यात जिरतो.

जॅकवेल

कल्पना बरोबर आहे, मोठ्या उपशांवर हवेच्या टाक्या याच कामासाठी असतात. लाईट गेली की टाकीतली दाबलेली हवा पाण्याला ढकलत राहते, त्यामुळे दाब एकदम पडत नाही, आणि पाणी परत आलं की तीच हवा उशीसारखी दबते. पण तुमच्या गावातल्या उभ्या पाईपात ती हवा दाबाखाली पाण्यात विरघळत जाते. थोड्या दिवसांत पाईप पाण्याने भरतो आणि मग तो नुसता उभा पाईप. खाली ड्रेन कॉक ठेवून, पंप बंद असताना, वरचेवर पाणी काढून हवा भरली तर छोट्या लाईनीला थोडा फायदा होईल. १८०० मीटरच्या लाईनीला लागणारी टाकी मात्र हिशेब करूनच घ्यावी लागते, अंदाजाने नाही. टाकी दाबाची असते, गावातल्या वेल्डिंगवर ती करून घेऊ नका.

नदीकाठचा_ऊस

अपडेट देतो. एअर व्हॉल्व्ह बसवला, रिंग आणि झाकणासकट. टायमर लावला. बेंडला काँक्रीट केलं. एनआरव्ही आणि रिलीफ व्हॉल्व्ह सांगलीहून यायचे आहेत. काल लाईट गेली तेव्हा एक जण टेकाडावर आणि एक पंपावर उभा होता. टेकाडावर आधी हवा आत ओढल्याचा आवाज, मग थोड्या वेळानं सावकाश सुस्कारा, दणका नाही. पंपावर मात्र एनआरव्ही पूर्वीसारखाच आपटला. ओढ्यात ओल नाही.

जॅकवेल

टेकाडाचं काम झालं. पंपावरचा आवाज साध्या एनआरव्हीचा आहे, नवा आल्यावर कमी झाला पाहिजे. तोपर्यंत पहिल्या ३०० मीटरच्या १० किलो पाईपावर भरवसा आहे, पण जिथे १० चा पाईप संपून ६ चा सुरू होतो तो जोड उकरून एकदा पाहून घ्या.

नवा एनआरव्ही बसवताना त्याच्या पुढे, लाईनीच्या बाजूला, गेजसाठी अर्धा इंची तोंड काढून ठेवा. तुमचा आत्ताचा गेज बहुतेक पंप आणि एनआरव्हीच्या मध्ये आहे, त्याला लाईनीतला फटका दिसतच नाही. गेज दोन सुयांचा घ्या, एक सुई सर्वात वरच्या दाबावर थांबून राहते. लाईट गेल्यावर सकाळी जाऊन ती सुई बघायची आणि वहीत लिहायची. ६ च्या खाली राहत असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह ५.८ वर ठीक. वर जात असेल तर आकडा इथे टाका, पुढचं ठरवू.

नदीकाठचा_ऊस

गेज पंप आणि एनआरव्हीच्या मध्येच आहे सर. तोंड काढून घेतो. वही पंपघरातच ठेवतो, ज्याची पाळी असेल त्यानं लिहायचं असं ठरलंय.